नायकाच्या तोंडचं एक वाक्य

प्रिय लेखिकाबाई,

ताईंच्या घरी बसून तू शेवटचं प्रकरण एकदाचं संपवलंस आणि ते टपालाने इथे येऊन पोचलं. ताईंना माझा नमस्कार सांग. त्यांना हेही सांग, की त्यांची धाकटी बहीण एका परपुरुषाच्या नादी लागली आहे आणि त्या तिला वरून चहा करून देताहेत.

इथे सगळं ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, त्याचा वॉशर मी बदलला. लेक कॉलेजात जाते असं ती म्हणते आणि मी ते मानतो. मी नेहमीसारखाच काउंटरच्या मागे, एका हाताला किल्ल्या कापायचं मशीन आणि दुसऱ्या हाताला कॉम्प्युटर. तू हाताने लिहायचंस आणि मी दोन बोटांनी टाइप करायचं, ही आपली पद्धत तुझ्या पहिल्या पुस्तकापासूनची. ती पुस्तकं कशी गुणी होती! त्यांत भांडकुदळ म्हाताऱ्या होत्या, पेन्शनर होते, एक लंगडं मांजर होतं. त्यांच्यामुळे माझी झोप कधी उडाली नाही. आणि आता हा तुझा नायक. देखणा, गोडबोल्या आणि उलट्या काळजाचा. परवा एक गृहस्थ मोडलेली किल्ली घेऊन समोर उभे होते आणि मी टाइप करत होतो, की त्याने तिच्या मानेवरची बट हलकेच बाजूला केली. गृहस्थांनी काळजीने विचारलं, बरं नाही का तुम्हाला. माझं तोंड लालबुंद झालं होतं म्हणे. लाजेने नाही, एवढं सांगून ठेवतो.

तिसऱ्या प्रकरणात मी त्याला टक्कल पाडलं होतं, ते तू लगेच पकडलंस. लाल पेनाने त्याचे केस परत आणलेस, वर समासात लिहिलंस की नवरोबा, शहाणपणा नको. पाचव्या प्रकरणात त्याला घोरायला लावलं, तेही खोडलंस. मग मी नाद सोडला. पण मनातलं सांगू का? त्याच्यावर तू जितकी पानं खर्च केलीस, तितक्या वेळा माझ्याकडे कधी नुसतं बघितलंही नसशील. त्याचे डोळे, त्याची बोटं, पायऱ्या उतरतानाची त्याची शीळ. मी पायऱ्या कशा उतरतो हे तुला ठाऊक तरी आहे का? मला जळजळ होते, आणि ती पित्ताची नाही.

त्यात घरचंच माणूस फितूर. लेक माझ्या पाठीमागे उभी राहून वाचते. नायक नालायक आहे, पण काय भारी आहे ना, असं मला ऐकवते. काल शेवटचं प्रकरण वाचताना तर तिने नाक पुसलं. नायिकेला सोडून तो जिना उतरतो, वर परत जायचा कंटाळा म्हणून तिच्या खोलीची किल्ली खालच्या दुकानदाराच्या हातात देतो आणि तिला निरोप द्यायला सांगतो, ती जागा. ‘कुलपात काही दोष नव्हता म्हणावं, किल्लीच खोटी होती.’ लेक म्हणाली, बाबा, असं बोलू शकणारा माणूस अगदीच वाईट नसणार. तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मी मशीन बंद केलं. तिचं वय आता तुझ्या नायिकेएवढं आहे, हे तुझ्या लक्षात आलंय का?

हा नायक कोण, ते तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. पण तुझ्या नायकासारखा दुसऱ्याच्या कपातला घोट न विचारता घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तुझ्याआधी माझीच त्याच्याशी ओळख झाली होती, गंमत बघ. तू वरच्या खोलीत भाड्याने राहायचीस, नकाशांच्या ऑफिसात जायचीस, आणि जाता-येता माझ्या दुकानाकडे बघायचीसही नाहीस. तो मात्र आत यायचा. किल्ल्या करून घ्यायला. एकदा मावशीच्या घराची, एकदा चुलतबहिणीच्या, एकदा कुणा आजारी आत्याच्या. इतका नात्यागोत्याचा माणूस मी पाहिला नव्हता. मग एक दिवस त्याने जी किल्ली पुढे केली, ती मी हातात घेताच ओळखली. वरच्या दाराचं कुलूप माझ्या वडिलांनीच बसवलेलं. त्या दिवशी तू त्याची मामेबहीण होतीस. मी किल्ली करून दिली. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं, आणि तुला सांगणारा मी कोण?

पुढे तो तुला सोडून गेला, आणि मी ती किल्ली घेऊन वर आलो. तू दारात होतीस, अर्धे केस विंचरलेले, कंगवा तसाच हातात. मी निरोप सांगितला. खरंच असं म्हणाला का, असं तू विचारलंस आणि मी मान डोलावली. तू तिथेच उंबऱ्यावर बसून रडलीस, मग उठून मला पाणी दिलंस. पुढच्या आठवड्यात तू कुलूप बदलून घ्यायला खाली आलीस, आणि तिथून आपलं सुरू झालं. इतकी वर्षं मी समजत होतो की त्याचं प्रकरण त्या जुन्या कुलपाबरोबर भंगारात गेलं. आणि आता तू लिहितेस, की नायिकेने त्याचे सगळे अपराध त्या एका वाक्यापायी माफ केले, ते वाक्य तिने जन्मभर उशाशी जपलं, आणि पुढे ज्याच्याशी लग्न केलं त्या भल्या माणसाला असलं काही बोलायला कधी सुचलंच नाही. भला माणूस! हे टाइप करताना माझी दोन्ही बोटं दुखली.

बाई, तू एवढी हुशार, आणि तुला एकदाही प्रश्न पडला नाही? ज्याने जन्मात कधी कुलूप खोलून आत बघितलं नाही, त्याला असलं वाक्य सुचेल? तो म्हणाला ते वेगळंच. त्याने किल्ली काउंटरवर टाकली, मला डोळा मारला आणि म्हणाला, ‘ठेवून द्या, कधीतरी तुमच्याच उपयोगी पडेल.’ आणि शीळ घालत गेला. त्याने निरोप दिलाच नव्हता. दोन जिने चढून मी वर येईपर्यंत, तुला काय सांगावं म्हणून, जे सुचलं ते मी बनवलं. पुस्तक सगळं टाइप झालंय, तेवढी एक ओळ मोकळी ठेवली आहे. तो जे खरं म्हणाला ते तिथे घाल, म्हणजे आपल्या लेकीलाही तो नीट दिसेल. पण ते दुसरं वाक्य मला परत दे. ते मी तुझ्यासाठी केलं होतं, त्याच्यासाठी नाही.

तुझाच,
खालच्या दुकानातला