मिसेस टार्व्हर

डेट्रॉइट, २० जून १९६६

चि. लुशियस यास, अ. उ. आ.

आईच्या पोटातली गाठ वाढतेय आणि ती डॉक्टरला हात लावू देत नाही, हे तुझ्या पत्रात वाचलं. हट्टी बाई! तिला सांग, एक जुलैपासून पासष्टीच्या पुढच्यांसाठी सरकारी विमा आहे. आणि जे इस्पितळ काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवील, त्याला सरकारचा पैसा नाही. आपले बाबा इस्पितळाच्या तळघरात, काळ्यांच्या वॉर्डात, बॉयलरशेजारी गेले, ते मीही विसरलेले नाही. पण एकदा बघून तरी या. नाहीतर सरळ उचलून गाडीत घाल. मक्याचा कॉर्नब्रेड खाऊन एवढी ताकद आली असेलच.

बायकोला आशीर्वाद. बहिणीवर राग धरू नकोस.

तुझी,
ओझेला

अलाबामा, १७ जुलै १९६६

ती. ओझेलाताईस, सा. न. वि. वि.

नेलं. मी सवयीने गाडी काळ्यांसाठीच्या मागच्या दारापाशी नेली, तर दाराला कुलूप! पुढून आत गेलो. ताई, 'गोऱ्यांसाठी' ही पाटी गेली, भिंतीवर नुसता चौकोन उरलाय. सगळे एकाच दालनात बसलेले. जे साहेब आपल्या अर्ज-विनंत्यांना जन्मात बधले नाहीत, ते विम्याच्या पैशासाठी महिनाभरात सुधारले. हसावं की रडावं कळेना. टोपी हातात धरून मी नुसता बघत राहिलो.

गोऱ्या नर्सने मिसेस टार्व्हर म्हणून हाक मारली. आई ढिम्म. पुन्हा मारली, तर आई मागे वळून कोण गोरी बाई उठतेय ते बघू लागली. मी म्हटलं, अगं, तुलाच! आजवर गोऱ्यांच्या तोंडी ती नुसती कॅली. तिला वाटलं, मी थट्टा करतोय. शेवटी ती पोरगी समोर येऊन म्हणाली, मिसेस टार्व्हर, चला ना. आईने हॅट सरळ केली आणि उठली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ऑपरेशन नीट झालं, गाठ साधी निघाली. शेजारच्या खाटेवरच्या गोऱ्या बाईने मधला पडदा ओढून घेतलाय. आई म्हणते, बरंच झालं, फार घोरते.

मुलांना पापा. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
लुशियस

ता. क. एकच तक्रार. नर्सच्या पहिल्या हाकेला आई ओ देत नाही. मी रागावलो तर म्हणाली, ऐकू येतं रे मला, पण पुन्हा एकदा म्हणू दे की तिला.