चौदा आणे खात्री

बाबा, काल वाचनालयात एक गृहस्थ मला शिकवत होते की आपल्याला एखाद्या गोष्टीची किती खात्री आहे, याबद्दल आपल्याला शंका असूच शकत नाही; खात्री आपली, तेव्हा तिचा आकडाही आपल्याला ठाऊकच. मी त्यांना चांगलं झापलं. पण ते वाक्य मूळचं तुमचं, म्हणून तुम्हालाच लिहिते.

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतली ती संध्याकाळ. दादा सकाळीच मोर्चाला गेलेला, फोर्टात गोळीबार झाल्याची बातमी ठाकूरद्वारपर्यंत आलेली, आणि आई वाढलेल्या ताटांसमोर नुसती बसलेली. तुम्ही जगातली प्रत्येक गोष्ट सोळा आण्यांत मोजायचात. "परळला आत्याकडे थांबला असेल. चौदा आणे!" तुम्ही म्हणालात. मी विचारलं, "आणि हे चौदा आणे कितपत पक्के?" तुम्ही उसळलात. "माझी खात्री मला ठाऊक नसेल तर काय तुझ्या मडमांना? अंदाजाला आणखी अंदाज लावते! कॉन्व्हेंटात घातली तिथेच चुकलं."

मी तेव्हाही बरोबर होते, बाबा, आजही आहे. नाणं उडवलं तर छापा पडायची शक्यता आठ आणे; कुणी काहीही निरोप आणो, ते आठ हलत नाहीत. तुमचे चौदा एका निरोपाने कोसळणारे. दोन्ही आकडेच, पण एकाला बूड आहे आणि दुसरा भिंतीला नुसता टेकवलेला. म्हणून तर मी म्हटलं, "खाली डॉक्टरांकडून फोन करा ना, आत्याच्या चाळीखालच्या औषधवाल्याला." "आगाऊ कार्टी!" म्हणत तुम्ही टोपी घालून उतरलात.

परत येताना तुम्ही कठड्याला धरून जिना चढत होतात. दाराशीच मला हळूच म्हणालात, "तिथे गेलेला नाही." आतून आईने विचारलं, "अहो, आता किती?" तुम्ही टोपी खुंटीला लावलीत आणि ठणठणीत आवाजात सांगितलंत, "चौदाच."

दादा दुसऱ्या दिवशी लालबागच्या मित्राकडून आला, डोक्याला पट्टी बांधून. "म्हटलं नव्हतं?" असं वर मलाच ऐकवलंत! अहो, तुमचे चौदा आणे तो आत्याकडे असण्याचे होते. तो आत्याकडे नव्हताच!

हे पत्र पेटीत टाकायचं नाही, तेव्हा एवढं सांगायला हरकत नाही. त्या 'चौदाच'वर आई जेवली. आणि दाराशी खरं काय ते ऐकलेली मीसुद्धा जेवले, बाबा, भात पुन्हा मागून घेऊन.