थ्रेलांनी दार मागायचं

ऑर्मवुड, श्रॉपशर
शनिवार, ४ ऑगस्ट १९५१

प्रिय ह्यूबर्ट,

तू, ऑलिव्ह आणि मुलं सुखरूप असाल अशी आशा आहे. मी बरी आहे. गुडघा कुरकुर करतो, पण टेकडी चढू देतो, तेव्हा तक्रार नाही. ऑलिव्हने पाठवलेलं पार्सल मिळालं. पोस्टाची खिडकी अजून मिसेस गॅमनच सांभाळते, त्यामुळे डब्यात हॅम आहे हे माझ्याआधी तिला कळलं होतं. इथे मांसाचं रेशन म्हणजे मांजराचं पोट भरेल एवढं. मग अर्धा डबा तिच्याकडेच गेला, आणि वर म्हणते कशी, "तुमच्या भावाला सांगा, पुढच्या वेळी जरा मोठा डुक्कर बघा."

किल्ला सरकारला देण्याच्या कागदावर तुझी सही होऊन आली, तीही पोचली. सही तेवढी. सोबत एक ओळ लिहिली असतीस तर हात मोडला असता का? असो. रागावून लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

तर नव्या वर्षापासून आपलं ऑर्मवुड पुरातन इमारतींच्या खात्याचं. महादरवाजाशी तिकिटाची खिडकी होणार. गवत कापणार, भिंतींवरच्या वेली उपटणार, चॅपलभोवती साखळी लावणार. मोठ्या बुरुजावरच्या डोमकावळ्यांना मात्र अजून कोणी नोटीस दिलेली नाही, आणि दिली तरी ते जुमानतील असं वाटत नाही.

परवा एकटीच वर जाऊन बसले. मोठ्या दालनाला छप्पर नाही म्हणून आपण त्याला आभाळाची खोली म्हणायचो, आठवतं? आईने शेकोटीच्या कोनाड्यात चटई टाकायची, पावाचे तुकडे आणि काकडी मांडायची, आणि बाबांनी कुठल्या राजाने कुठे बसून कोणाचं डोकं उडवायचा हुकूम दिला ते सांगायचं. सगळं खोटं. पण काय रंगवून सांगायचे. आणि आपला तो वेढ्याचा खेळ. तू नेहमी व्हेलॉन व्हायचास. किल्ला बांधणारे, घोड्यावरचे, तलवारवाले. मला मेलीला थ्रेल व्हावं लागायचं, म्हणजे मेंढ्यांच्या लोकरीवर गब्बर झालेला व्यापारी, ज्याने शेवटच्या व्हेलॉनच्या मुलीशी लग्न करून आख्खा किल्ला खिशात घातला. "अरे, पण आपण थ्रेलच आहोत," असं म्हटलं की तू भोकाड पसरायचास. तेव्हाही तुला खरं सोसायचं नाही. तिथे बसून मला इतकं हसू आलं आणि मग इतकं रडू आलं की काही विचारू नकोस.

खात्याचा एक तरुण साहेब आला होता. फलकावर लिहायला इतिहास हवा म्हणे. चांगला मुलगा आहे, व्हेलॉनांच्या साऱ्या पिढ्या त्याला पाठ. शेवटी विचारतो, "किल्ला तुमचा, मग महादरवाजाची किल्ली गावाकडे कशी?" मी म्हटलं, बस, चहा घे, लांबण आहे.

मग सांगितलं त्याला, बाबा सांगायचे तसंच. तीनशे वर्षांपूर्वी राजा आणि पार्लमेंट यांची लढाई जुंपली तेव्हा आपले सर जर्व्हेस थ्रेल राजाच्या बाजूचे. मायकेलमसच्या, म्हणजे सप्टेंबरअखेरच्या त्या सणाच्या दिवशी शत्रूची फौज नदी ओलांडून आली. सगळं गाव पोराबाळांसकट, गुरांसकट टेकडी चढून आलं आणि म्हणालं, दार उघडा. सर जर्व्हेसना धान्याची काळजी. ते नाही म्हणाले. गावाने पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारलं, तरी नाहीच. खाली गाव जळालं. बाहेर राहिलेल्यांत टिबिट गवंड्याची दोन पोरं गेली.

पुढे किल्लाही पडला. फौजेने सुरुंग लावून तट उडवले, आणि पडलेल्या दगडांतून गावाने आपली घरं पुन्हा उभी केली. महादरवाजा तेवढा शाबूत राहिला, तो गावाने ठेवून घेतला. सर जर्व्हेस परमुलखात मेले. त्यांचा मुलगा शवपेटी घेऊन आला, वर किल्ल्यातल्या चॅपलमध्ये, घराण्याच्या थडग्यांपाशी पुरायला. दार बंद. त्याने विचारलं, आतून उत्तर आलं, नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा टिबिटाने स्वतः कडी काढली आणि म्हणाला, "या. आम्ही थ्रेल नाही."

तेव्हापासून प्रत्येक थ्रेलच्या पेटीपुढे हेच. थ्रेलांनी दार मागायचं, गावाने दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा उघडायचं. तो मुलगा चहा विसरून बघत राहिला. "अजूनही?" म्हणाला. मी म्हटलं, अजूनही. आमच्या आईच्या वेळी मिसेस गॅमनच्या सासूने पहिलं नाही म्हटलं होतं, आणि दुपारी तिनेच आम्हाला जेवायला घातलं.

बाबांच्या अंत्यविधीच्या दिवसाबद्दल मात्र मी त्याला काही बोलले नाही. तुलाही इतक्या वर्षांत कधी लिहिलं नाही. आज लिहिते.

त्या दिवशी दार मागायला तू उभा होतास. मिसेस गॅमन आतून ओरडली, "जागा नाही. लोकर विकायची तर बाजारात जा." सगळे हसले. बाबासुद्धा हसले असते. दुसरं नाही टिबिटांच्या घरचं असतं. एम्ब्रोज टिबिटने म्हटलं, "आमची पोरं बाहेर होती तेव्हा तुझा बाप कुठे होता?" ठरलेलंच वाक्य. त्याच्या बापाने म्हटलेलं, आज्याने म्हटलेलं. पण तू किती तरी दिवस झोपला नव्हतास, आणि पेटीत तुझा बाप होता. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू तिसऱ्यांदा न विचारताच पेटी फिरवलीस. बाबा खाली गावच्या चर्चच्या आवारात गेले, आई वर चॅपलपाशी एकटी राहिली, आणि महिना संपायच्या आत तू कॅनडाच्या बोटीवर चढलास.

तुला वाटतं गावाने आपल्याला हाकललं. ह्यूबर्ट, गावाने दोनदाच नाही म्हटलं. तिसरं नाही तू म्हणालास.

आत काय झालं ते तुला ठाऊक नाही. एम्ब्रोज कडीवर हात ठेवून उभा होता. बाहेर पावलं वाजली, पेटी उताराला लागली, तरी त्याचा हात निघेना. लोक म्हणाले, "चल रे, गेले ते." तो म्हणाला, "येतील. थ्रेल आहेत, नाकाला मिरच्या झोंबल्यात. पण येतील." दिवेलागणीपर्यंत तो तिथेच. शेवटी त्याच्या बायकोने हाताला धरून घरी नेलं. बिचारी आता नाही. हे सगळं मला कुठून कळलं ते विचारू नकोस. निदान आज नको.

आता मुद्द्याचं. आपले पाद्री, मिस्टर लॉफ्टस, यांनी खटपट करून बिशपची परवानगी आणली आहे. बाबांना वर आईशेजारी नेता येईल. पण खात्याने ताबा घेतला की मग आत कोणालाच पुरता येणार नाही. म्हणून ठरलंय ते या मायकेलमसला, २९ सप्टेंबरला. त्यानंतर त्या दाराला कडी नसेल, तिकीट असेल. आणि दार कोणा थ्रेलनेच मागायला हवं, त्यात गाव सूट देणार नाही. मी विचारून पाहिलं.

तू म्हणशील, "मग तू आहेस की. ड्रुसिला आत्याने आजोबांसाठी मागितलं होतं, बाईने मागितलेलं चालतं." चालतं, खरं आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण किटली ओरडते आहे आणि मला जरा उठायला हवं. उद्या पुरं करते.

रविवार, दुपार

आता लपवण्यात अर्थ नाही. सकाळी चर्चमध्ये सगळ्या गावापुढे वाचून झालं. मिस्टर लॉफ्टसनी दोनदा चष्मा पुसला आणि पुकार वाचली. याच गावची अविवाहित हेस्टर थ्रेल आणि याच गावचा विधुर एम्ब्रोज टिबिट यांचा विवाह ठरला आहे, कोणाला हरकत असेल तर त्याने सांगावी. मग मिसेस गॅमन, आणि तिला हळू बोलणं जन्मात जमलेलं नाही, म्हणाली, "हरकत कसली? आम्हीच केव्हापासून दम धरून बसलोय."

हस. मनसोक्त हस. बावन्नाव्या वर्षी सर जर्व्हेसच्या घरातली मुलगी गवंड्याच्या घरी निघाली. त्याच्या चुलीभोवतीचे दगडसुद्धा आपल्याच तटाचे आहेत, आणि त्या चुलीपाशी मला ऊब फार छान लागते. आईच्या थडग्याजवळची भिंत ढासळली होती, ती बांधायला तो यायचा. मी चहा नेऊन द्यायचे. एक दिवस चुना लावायची करणी पुसत पुसत म्हणाला, "लग्न करतेस का?" मी म्हटलं, वेड लागलंय का, नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. तर करणी खाली ठेवून म्हणतो, "बरं. आता तिसऱ्यांदा विचारतो. आम्हाला पद्धत ठाऊक आहे." सांग, काय करणार होते मी? मी सुखात आहे, ह्यूबर्ट. तुझ्याखेरीज आणखी कोणालाही हे सांगून मला समाधान झालं नसतं.

लग्न ८ सप्टेंबरला. त्या दिवसापासून मी टिबिट, म्हणजे मायकेलमसला दार मागायला मी थ्रेल उरत नाही. एम्ब्रोज म्हणत होता, "ऑक्टोबरात करू की. आधी तू माग, मी उघडतो, म्हातारबाबा वर जातील, झालं." मीच ऐकलं नाही. तारीख मीच धरली, मुद्दाम. मी मागितलं असतं तर बाबा वर गेले असते, पण तू होतास तिथेच राहिला असतास, त्या दुसऱ्या नाहीपाशी. कडी तुझ्यासाठी धरलेली होती, माझ्यासाठी नव्हे.

आता तू आला नाहीस तर बाबा कायमचे खाली आणि आई कायमची वर. पुन्हा कोणाला काही करता येणार नाही. मिस्टर लॉफ्टस म्हणाले, "मिस थ्रेल, फार मोठी जोखीम घेताय." घेतली आहे खरी. मला त्याची भीतीही वाटते. पण तुझी मोठी बहीण आहे मी, आणि तू लहानपणी किती वेळा दाराआड रुसून बसायचास आणि कोणी तरी हाक मारायची वाट बघायचास, ते मला माहीत आहे. ही हाक समज.

गव्हाची कापणी तेव्हा ऐन भरात असणार, हेही कळतं. ऑलिव्हचे भाऊ सांभाळतील. गहू पुढच्या वर्षीही येईल. मायकेलमसच्या रिवाजाप्रमाणे हंस भाजणार आहोत, आणि तुझी जुनी खोली मी झाडून ठेवली आहे.

आलास तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे ऐन वेळी पाय मागे जायला नको. मी दाराच्या आत असेन, टिबिटांच्या बाजूला. पहिलं नाही मिसेस गॅमनचं. दुसरं टिबिटांच्या घरातल्या माणसाचं, आणि एम्ब्रोज म्हणतो, ते यंदा त्याच्या घशातून निघायचं नाही. तेव्हा ते मी म्हणणार आहे. आवाज ओळखशीलच. जोरात म्हणेन, अगदी लागेल असं, कारण पद्धत ती पद्धत. मग आत सगळे गप्प होतील आणि एम्ब्रोज कडीवर हात ठेवेल. त्या शांततेला घाबरू नकोस. तिसऱ्यांदा दार माग.

आणखी पाच आठवडे तुझ्याच आडनावाची,
हेस्टर