जांभळोलीचा यंदाचा बांध

९ नोव्हेंबर, रविवार
चर्चमधली मिसा आटपून येताना व्हाळाच्या, आमच्या ओढ्याच्या, पुलावर थांबले. पाणी उतरलंय. मधला कातळ उघडा पडला, त्यावर बगळा. म्हणजे बांध घालायची वेळ झाली. दरवर्षी या सुमारास तात्या घाडी हाक मारतात नि वरची वाडी, आमची खुरसवाडी, दोन्हीकडची माणसं खाली उतरतात. दगड-मातीचा आडवा बांध घालून पाणी अडवायचं. मग पाटाने ते वायंगणाच्या उन्हाळी भाताला जातं, भाजीला जातं, विहिरी मे महिन्यापर्यंत आटत नाहीत.

यंदा तात्यांची वाचा गेलीय. गणपतीनंतर झटका आला, उजवी बाजू लुळी. हाक मारणार कोण?

जुजेला विचारलं. धाकटा भाऊ माझा, त्याची शेती व्हाळालगतच. म्हणाला, "बगूया." जुजेचं बगूया म्हणजे नाही.

१० नोव्हेंबर
हयातीच्या दाखल्यासाठी कणकवलीत. जिवंत आहे असं ठरलं. परतताना डेपोत डोकावले. जुना ड्रायव्हर भेटला, मी कंडक्टर होते तेव्हा माझ्या फेरीवरचा. "रोजाबाय, तुमचा जांभळोली आता गाव रवला खंय? कणकवलीच झाला मा ता?"

हसले, पण लागलं. हायवेवरून दिसतात त्या नव्या इमारती म्हणजे जांभळोली नव्हे. इमारतींच्या मागे उतार, उताराखाली व्हाळ, पलीकडे आमचा पांढरा क्रूस, खुरीस, आणि दहाबारा कौलं, वर चढलं की काजी, आंबे, घाड्यांची नि परबांची घरं, आणि सगळ्यांच्या डोक्यावर देवराई. रेल्वेची शिट्टी ऐकू येते तसा मोरही ऐकू येतो. बत्तीस वर्षं लोकांना तिकिटं फाडली, पण जांभळोलीचं तिकीट फाडताना आवाज आपोआप चढायचा. हे त्याला सांगायला हवं होतं. बस लागली, राहून गेलं.

१२ नोव्हेंबर
तात्यांकडे गेले. सून सुलभा अंगण सारवत होती. नवरा, म्हणजे तात्यांचा मुलगा, गोव्यात हॉटेलात. मोसम सुरू, सुट्टी नाही. सुलभा म्हणाली, "माणसां खंय आसत गो? वरच्या वाडीत म्हातारी नि बायलो. बांध घालतलो कोण?"

तात्या खुर्चीवर ऐकत होते. डाव्या हाताने गुडघ्यावर थाप मारली. मग खाली, उताराकडे बोट. मी म्हटलं, "व्हाळ?" मान नाही. पुन्हा बोट, जरा वर. सुलभेला कळलं आधी. "बिल्डिंगवाले म्हणतत."

मला सुचलं नव्हतं. कॉलनी झाल्याला सात-आठ वर्षं झाली, पण त्यांना कधी कोणी बांधाला बोलावलं नाही. ते पाहुणे, असंच धरलेलं आम्ही.

१३ नोव्हेंबर
कॉलनीत गेले. अध्यक्ष पाटणकर, बँकेतून निवृत्त, मूळचे कोल्हापूरचे. चांगला माणूस, चहा स्वतः केला. मी ऑफिसातल्यासारखं शुद्ध बोलायला लागले, मग माझंच मला हसू आलं.

म्हणाले, "पाणी साठलं की डास होतात असं आमच्यातले काही म्हणतील. शिवाय पावसाळ्यात व्हाळ आमच्या पार्किंगपर्यंत येतो. भीती आहे लोकांना."

मी विचारलं, एप्रिलमध्ये तुमची बोअर आटली, टँकर आला, तेव्हा काय वाटलं लोकांना. मग म्हणाले, "ग्रुपवर टाकतो. पण मी कोणाला ओढून आणू शकत नाही."
"ओढूक नको, नुसते बोलवा."
मालवणी निघालंच तोंडातून.

१९ नोव्हेंबर
रविवार ठरला. ग्रा.पं. सदस्यांनी रिकाम्या सिमेंटच्या गोणी देतो म्हटलंय. जुजे आज पाट साफ करताना दिसला. मी काही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. असंच आहे आमचं.

सुलभेला वेगळीच काळजी. पहिला दगड ठेवण्याआधी देवाला गाऱ्हाणं, सगळ्या गावाच्या वतीने. ते तात्याच घालायचे, त्यांच्याआधी त्यांचे वडील. "मान घाड्यांचो. आणि घाड्याक वाचा नाय. आता काय करूचा?" परबांच्या थोरल्याला विचारलं तर तो म्हणाला, दुसऱ्याचा मान मी घेणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. रात्रीचं जेवणही नको वाटतंय, पण हे लिहून ठेवायलाच हवं.

सकाळी खाली गेले तेव्हा जुजे, मी, परबांचा थोरला, सुलभा आणि वरच्या वाडीतल्या चार बायका. एवढेच. गोणी भरायला बसलो. मग उतारावर आवाज. पाटणकर पुढे, पायात पांढरे बूट, मागे बायका-पुरुष, शाळेत शिकवणारी जोडपी, एक नर्स, डेपोतला एक मेकॅनिक. काहींच्या हातात बागेतली खुरपी. खुरसवाडीतून माझे चुलते खुर्ची घेऊन आले, ते नव्वदीचे, नुसते बघायला.

तात्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. नारळ पुढे ठेवला. सगळे उभे राहिले. सुलभा माझ्याकडे बघायला लागली.

तात्यांनी डावा हात जोडल्यासारखा छातीशी धरला आणि ओठ हलवायला लागले. शब्द नाही, नुसता घोगरा श्वास. मला वाटलं, आता मान खाली घालावी, बघू नये. तेवढ्यात त्यांचा श्वास थांबला आणि परब म्हणाला, "व्हय म्हाराजा."

पुन्हा ओठ. व्हाळ, गुरं, लेकरं, परगावी गेलेले, सगळं तेच असणार, दर वर्षीचं. कुठे थांबतात ते आम्हाला ठाऊक. पुढच्या थांब्याला आम्ही सगळे. "व्हय म्हाराजा." जुजेसुद्धा, जो देवळात गेला तरी बाहेर उभा राहतो. तिसऱ्यांदा कॉलनीवाले पण. एकही शब्द कानावर न पडता पुरं गाऱ्हाणं झालं. शेवटी तात्यांचा हात खाली आला. गालावरून पाणी. सुलभेने पुसलं, स्वतःचं नाही पुसलं.

नारळ फुटला. मग काम.

दगडांच्या दोन रांगा, मध्ये पेंढा नि चिकणमाती, पायाने तुडवायची. पाटणकरांचे बूट लाल. नर्सबाई चिखलात बसली धपकन, सगळे हसले, तीही. मेकॅनिकने पहारीने असा एक दगड हलवला जो मागच्या वर्षी आम्ही सोडून दिला होता. दुपारी काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या. कातळावर सगळे एका ओळीत बसले, कोण कुठल्या वाडीचं ते चिखलामुळे ओळखू येईना.

पाटणकर म्हणाले, "एवढी वर्षं राहतो, पण गाव आज बघितलं." जुजे म्हणाला, "गावानपण तुमका आजच बगल्यान." 

अभिमान म्हणजे काय हे शाळेत कोणी विचारलं असतं तर आज उत्तर दिलं असतं.

२४ नोव्हेंबर
अंग मोडलंय. पण बांधाच्या वर पाणी चढलं. पाटात शिरलं दुपारी. पाण्यापुढे वाळकी पानं ढकलत जाताना बघितली, जुजेच्या कोपऱ्यापर्यंत त्यांच्यासोबत चालत गेले. या वयात.

२९ नोव्हेंबर
जुजेने भाताच्या रोपांचा तरवा पेरला. सुलभेने लाल भाजीचे वाफे. कॉलनीतली माणसं संध्याकाळी बांधावर फिरायला येतात, फोटो काढतात. नर्सबाई तात्यांना हाताचे व्यायाम शिकवायला लागलीय, मुकाट्याने, कोणी न सांगता. तात्या तिच्यावर वैतागतात म्हणजे बरे आहेत.

३ डिसेंबर
आभाळ भरलंय. डिसेंबरात. समुद्रात काही तरी आहे म्हणतात. तोंडवलीला मावसबहिणीला फोन केला, होड्या वर ओढल्यात म्हणाली.

४ डिसेंबर, गुरुवार
सकाळपासून पाऊस, आषाढासारखा. दुपारी बांध तुडुंब. पाणी वरून जात होतंच, पण फाटे, ओंडके अडकले आणि ते मागे फिरलं. एकीकडे सुलभेच्या व्हाळाकाठच्या गोठ्यापर्यंत, दुसरीकडे कॉलनीच्या पार्किंगमध्ये. गाड्यांची चाकं बुडाली.

पाटणकर छत्री न घेता धावत आले. पुलावर उभे राहिले. मला वाटलं आता म्हणणार, फोडा. पण नाही. नुसते जुजेकडे बघत राहिले. जुजेचा तरवा बोटभर आलेला. बांध गेला की तो गेला, पाटाला पाणी नाही.

जुजे म्हणाला, "आपणच घातलो, आपणच काडूया." आणि उतरला. कमरेला दोर बांधून, दोराचं टोक परब आणि पाटणकर दोघांच्या हातात. मी काठावरून ओरडत होते, मागे फिर, मागे फिर. त्याने ऐकलं नाही. पहारीने मधल्या गोणी काढल्या. एक, मग दुसरी, मग पाण्यानेच बाकीच्या नेल्या. तो आवाज मी विसरणार नाही. तो जातोय असंच वाटलं मला. दोर ताणला, पाटणकर गुडघ्यांवर आले, पण सोडला नाही. ओढून काढलं दोघांनी.

पार्किंगचं पाणी उतरलं. गोठा वाचला, सुलभेच्या गायी वाचल्या.

घरी येऊन जुजेला गरम पेज दिली. म्हणाला, "मधलोच गेलो. दोनी बाजू रवल्यो आसत." एवढंच. माझा भाऊ. आई असती तर तिने नजर काढली असती.

५ डिसेंबर
ऊन. तरवा अर्धा गाळाखाली. व्हाळ नेहमीसारखा वाहतोय, जसं काही झालंच नाही.

८ डिसेंबर
खुरसाकडे लादाईन झाली, म्हणजे आमच्या वाडीची सामुदायिक प्रार्थना. चणे, नारळाचे तुकडे वाटले. पाटणकर पती-पत्नी आले. पाटणकरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कॉलनीत दोन गट पडलेत. काही जण म्हणतात, पुन्हा बांध नकोच. एकाने तर तहसीलदारांकडे अर्ज करायचं म्हटलंय.

"तुमचं काय मत?"
"माझं मत तुम्हाला माहीत आहे. पण गाड्या माझ्या एकट्याच्या नव्हत्या."

खरं बोलले. राग नाही आला मला. त्यांच्या जागी असते तर मीही घाबरले असते. जुजेने मात्र त्यांना शांतपणे सांगितलं, या खेपेला मधे फळ्यांचं दार ठेवू. पाऊस दिसला की फळ्या उचलायच्या, झालं. परबाकडे फणसाच्या फळ्या आहेत. पाटणकरांनी ते नीट समजून घेतलं, दोनदा विचारलं. शनिवारी कॉलनीची सभा. तिथे हेच सांगतो म्हणाले.

११ डिसेंबर
सुलभा आली होती. म्हणाली, तात्यांनी खुणेने सांगितलं, पुढचं गाऱ्हाणं तू घाल. ती नको म्हणाली. तात्यांनी गुडघ्यावर थाप मारली.
"बायलमाणसान घातला तर चलात?"
मी म्हटलं, "माका कित्या इचारतंस? मी किरिस्ताव. तात्यांक चलता मा?"
"त्यांका चलता."
"मगे?"
जाताना दारात थांबून म्हणाली, "माका सगळा पाठ आसा गो. लगीन झाल्यापासून आयकतंय." चेहरा असा झाला होता तिचा, पहिल्यांदा गाडी चालवायला बसलेल्या माणसासारखा.

१३ डिसेंबर, शनिवार
कॉलनीत सभा. खिडक्या उघड्या होत्या, आवाज वाढलेले व्हाळापर्यंत ऐकू येत होते. शब्द नाही कळले. पाटणकरांचा निरोप नाही. मी फोन करणार नाही. बोलावलंय एकदा, तेवढं पुरे.

परबाने उद्या पुन्हा घालायच्या बांधासाठी फळ्या खाली आणून ठेवल्यात.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळ
लवकरच्या मिसाला जाऊन आले. दाट धुकं, खुरीसही दिसत नव्हता, त्याच्यापुढची मेणबत्ती तेवढी. तात्यांना खाली नेलंय. सुलभा नवी साडी नेसून गेली, चिखलात काम आहे हे माहीत असून.

जुजेचा आत्ताच फोन, व्हाळावरून. "कॉलनीचा गेट उघडल्याचो आवाज इलो गो. खाली येतत, काय गाड्यो काडून बाजाराक जातत, धुक्यान दिसणा नाय."

"तू काय करतंस?"
"दगड येचतंय."

आलेच म्हटलं. कोणी येवो न येवो, पेजेला मोठाच टोप चढवलाय.