पहिली पानं नसलेलं पुस्तक

६ ऑक्टोबर, रविवार

आमच्या वाचकांच्या ग्रुपवर आज नवा माणूस — कासुर्डीचे सोपानराव. दर रविवारी जो तो सध्या काय वाचतोय ते सांगतो. मी दिवाळी अंकांची बातमी टाकली. सोपानरावांनी लिहिलं नाही, बोलून पाठवलं. म्हातारा, संथ आवाज. 'जुनं पुस्तक हाय. पयली पानं गेल्यात, नाव ठाव न्हाई. एक पोरगा बापाशी भांडून मोटारसायकलवर शिरूरहून दौंडला निघतो.' एवढंच.

आपल्या भागातली कादंबरी! सगळ्यांनी अंगठे दिले. मीही.

१३ ऑक्टोबर

पुढचा भाग. पोरगा वाटेत न्हावऱ्यात चहाला थांबतो. खिसा चाचपतो — आत लहान पोरीचं तुटकं पैंजण.

खंडूदादाला, माझ्या थोरल्या भावाला, असंच पैंजण मी सांधायला दिलं होतं, आईला चोरून. दहा वर्षांची होते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दादा आबांशी भांडून गेला, गाडी दौंड स्टेशनवर सापडली. वीस वर्षं झाली. रेल्वेनं कुठंतरी निघून गेला, असंच आम्ही धरून चाललो.



१४ ऑक्टोबर

पुस्तकाचा फोटो टाका म्हणून त्यांना लिहिलं. निळ्या खुणा आल्या, फोटो आला नाही.

१६ ऑक्टोबर

ग्रुप चालवणारा गोकुळ पुस्तकांच्या दुकानात भेटला. म्हणाला, 'असली कादंबरी माझ्या ऐकण्यात नाही. पण म्हातारा सांगतो झकास.'

२० ऑक्टोबर

'भीमेच्या पुलाच्या अलीकडं उसाचा ट्रॅक्टर हुबा. तिन्हीसांजची येळ. ट्रॉलीला मागं दिवा न्हाई...' पुढं नुसता श्वास — मोठा, लांब. मग बंद.

गोकुळनं सोपानरावांना लगेच विचारलं, 'आप्पा, पुढं काय?'

२२ ऑक्टोबर

रजा टाकून कासुर्डीला गेले. दारात त्यांची सून नीलम. मी पुस्तक विचारलं, तर हसली. 'आप्पांना कुठं वाचता येतंय? शाळेचं तोंड न्हाई बघितलं. मी ग्रुपावरचं फोनवर वाचून दावत हुते, त्यात तुमचं नाव-गाव ऐकलं, तवापासून मागं लागले — मलापन ग्रुपात घे.'

सोपानराव ओट्यावर बसले होते. माझ्याकडं बघितलं नाही.

'ट्रॅक्टर माजाच व्हता. पोरगं जागीच गेलं, खिशात पैंजण गावलं. भ्यालो. नदीला सोडलं, गाडी स्टेशनावर ठिवली. सरळ सांगायला जीभ उचलंना, म्हून पुस्तक क्येलं.'

मी म्हटलं, 'वीस वर्षं आम्ही वाट बघतोय, आप्पा.'

तेव्हा त्यांनी वर बघितलं. 'आबांनी न्हाई सांगितलं? तिसऱ्या दिवशी तुमच्या दारात येऊन त्यांच्या पायावर डोकं ठिवलं व्हतं. मारतील वाटलं. म्हनले — पोराच्या आईला कळू दिऊ नको. वाट बघत तरी जगंल.'

कशी उठले, एसटीत कशी बसले, आठवत नाही. घरी आबा वर्तमानपत्र वाचत होते. 'उशीर झाला गं,' म्हणाले. मी हो म्हटलं.

२३ ऑक्टोबर

आबा बाहेर गेल्यावर आईला सगळं सांगितलं. तिचं तांदूळ निवडणं थांबलं नाही. 'मला ठाव हाय. तवा मी दाराआडच हुते. त्यांना काई बोलू नगं. मी वाट बघती, या समजुतीवर त्यांचं चाललंय.'