रूपाचा नमुना

३ फेब्रुवारी
आज उस्मानपुऱ्यातल्या नोकरीवर हजर झाले. आईला हसूच आवरेना. गावी कन्नडला माझा आवाज चार घरं पलीकडे जातो म्हणून ती मला कायम बोलायची, आणि इथं त्याच आवाजाचा पगार मिळणार आहे. संकटातल्या माणसाचा फोन ऐकून त्याचे शब्द लिहून घेणारं यंत्र बनवतायत. शांत बोललं की ते अचूक लिहितं. माणूस चिडला, घाबरला की आवाज चढतो, कापतो, आणि पडदा कोरा राहतो. म्हणून मी काचेच्या बंद खोलीत यंत्राच्या पडद्यासमोर बसायचं आणि 'दार उघडा, मी आत आहे' हे वाक्य आधी शांतपणे, मग चिडून, मग घाबरून म्हणायचं. शिवराज सर बाहेर बसून त्यांच्या पडद्यावर बघतात. आतलं बाहेर काही ऐकू जात नाही. मजेशीर नोकरी आहे.

७ फेब्रुवारी
चिडणं मला शिकवावं लागत नाही. घाबरणं मात्र जमेना. सर म्हणाले, नाटक नको, यंत्राला खरी भीती पाहिजे. माझ्या आधी रूपा होती, तिच्या आवाजाचा नमुना त्यांनी ऐकवला. वाक्य म्हणून ती थांबलीच नाही. सर, लई झालं, जीव गुदमरतोय, दार उघडा, असं ओरडत राहिली. मग नुसता श्वास. मग तोही नाही. यंत्रानं त्यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

८ फेब्रुवारी
रूपा कुठंय, विचारलं. पुण्याला गेली म्हणाले. तिची चप्पल अजून दाराशी पडलीय, ती काय अनवाणी गेली? तेही तोंडावर विचारलं. सर हसले. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तो नमुना आतल्या संगणकावर आहे. उद्या पेनड्राइव्हवर घेणार आणि सरळ पोलिसांत जाणार.

९ फेब्रुवारी
आत शिरले आणि बाहेरून कडी लागली. मोबाइल बाहेर आहे, नियमच तसा. पिशवीत ही वही तेवढी आहे.

तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. पडदा कोरा. तो काचेतून खुणावतोय, म्हण, म्हण. नाही म्हणणार. याला माझी भीती हवीय. मेले तरी देणार नाही.

एसी बंद केलाय. लाथा मारल्या — दार हलत नाही. घसा बसला.

तोंडून गेलंच. दार उघडा. आणि पडद्यावर उमटलं, काना-मात्रा न चुकता. तो बाहेर टाळ्या वाजवतोय. हरामखोर.

मीच तोंडात ओढणी कोंबलीय. एक शब्द बोलत नाहीये. तरी पडद्यावर —

सर, लई झालं. दार उघडा.

मी नाही. मी नाही बोलले.

ती इथंच होती. यंत्राला आज कळतंय.

तोही वाचतोय. तोंड पांढरं पडलंय. यंत्राची वायर उपटायला येतोय — कडी काढली —

पडद्यावर — ताई, तू नीघ.

दार उघडलं. तो आत, मी दारात — पडद्यावर —

या सर. आता तुम्ही म्हणा. दार उघ