मास्तरांच्या कोपरांवरची लाल ठिगळं

आई,

बाबांच्या काळ्या कोटाची कोपरं विरली तेव्हा लढाई चालू होती आणि कापड रेशनवर होतं. टेबलावर कोपरं टेकून पाट्या तपासायची त्यांची सवयच तशी. काळा तुकडा कुठे मिळेना, म्हणून तू तुझी लाल खणाची चोळी उसवलीस, दोन गोल कापलेस आणि कडा आत दुमडून बारीक टाक्यांनी बसवलेस. "मास्तरांच्या कोपरांना कुंकू लावलंय," म्हणून सगळं दहिवली गाव हसलं. बाबा मात्र तोच कोट घालून शाळेत गेले. पुढे तर खालापूरपर्यंतची माणसं त्यांना त्या कोपरांवरून ओळखू लागली.

म्हणूनच पौषातल्या त्या सकाळी कुंभिवलीचा गाडीवान आपल्या दारात आला. बाबा आदल्या दिवशी शाळेच्या कामासाठी शिपायाला घेऊन खालापूरला गेले होते. गाडीवान खाली बघत म्हणाला, "बाई, मास्तर गेले. वढ्यात पडलेले गावले. तोंड दगडावर आपटून सुजलंय, पण कोट त्यांचाच हाय." तू भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन गाडीत बसलीस. मी तुझ्याजवळ. शेजारच्या आळीतून शिपायाची बायको धावत आली आणि तुला एकटं कसं सोडायचं म्हणून तीही चढली. वाटभर तिने तुझा हात धरला होता. "रडा बाई, रडून घ्या," असं ती म्हणत होती, आणि तू रडत नव्हतीस.

कुंभिवलीच्या चावडीत प्रेतावर गोणपाट पांघरलेलं आहे. बाहेर आलेलं ते लाल कोपर मला दिसतं. तू खाली बसतेस, कोटाची बाही वर सारतेस. मनगटात तांब्याचं कडं आहे. शाळेची घंटा बडवताना रोज खुळखुळणारं, आपल्या शिपायाचं. तू बघतच राहतेस. "हे तुझे बाबा नायत गं," तू मला म्हणतेस, अगदी हळू.

शिपायाच्या बायकोनेही कडं पाहिलं होतं. ती भिंतीकडे सरकली. "कोट मास्तरांचा हाय," ती म्हणाली. "आमच्या घरच्यांना कोटच नाय, बाई. तुमाला तर ठावं हाय."

तू उठून तिच्यापाशी गेलीस. "कोट आमचा हाय," तू म्हणालीस. "मानूस तुझा हाय गं."

ती ओरडलीसुद्धा नाही. तुझ्या अंगावर तशीच कोसळली.

दुपारी कुणीतरी खालापूरहून बाबांना घेऊन आलं. नुसत्या सदऱ्यात होते. "त्याला हिवताप भरला होता," ते सांगत राहिले, "हुडहुडी थांबेना. घाल आणि पुढे घरी जा म्हटलं. मीच धाडला त्याला." तू त्यांचा दंड धरलास तो सोडला नाहीस. सरणाजवळ कुणीतरी विचारलं, कोट उतरवायचा का. कोट मिळणं किती कठीण होतं, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या. त्याला थंडी वाजत व्हती."

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तू जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली. माझ्या मुलांना मी ही गोष्ट सांगते तेव्हा म्हणते, की शिपायाच्या बायकोला 'मानूस तुझा हाय' हे सांगताना तुझा आवाज जरासुद्धा कापला नाही. कापला होता, आई.